सोसायटीच्या टँकर-खर्चाचा चार्ट काढायचाय, एक्सेल ऐकत नाहीये

घोडबंदरी
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत यंदा खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलंय. सप्टेंबरअखेर एजीएम (वार्षिक सभा). दरवर्षी टँकरच्या खर्चावरून हमरीतुमरी होते, तेव्हा यंदा तीन वर्षांचे आकडे चार्ट काढून पडद्यावर दाखवावेत असं कमिटीत ठरलं. 'तुम्हाला कॉम्प्युटर येतो' एवढ्या एका कारणावरून ते काम माझ्याकडे आलं.

शीट आधीच्या खजिनदारांची आहे. वरती सगळ्या कॉलमवर पसरलेलं सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, मग 'वर्ष', 'महिना', 'टँकर', 'रक्कम', 'शेरा'. प्रत्येक वर्ष संपलं की पिवळ्या रंगात 'एकूण'. सगळं सिलेक्ट करून इन्सर्ट चार्ट केलं तर 'एकूण'चे तीन मनोरे उभे राहतात आणि बाकीचे महिने त्यांच्या पायाशी मुंग्यांसारखे. वर्षाचाही वेगळा खांब येतो. आणि काही महिन्यांत खर्च झालेला असून खांबच नाही! त्यातून अध्यक्षांची फर्माईश : 'पाय चार्ट करा, थ्रीडी, रंगीबेरंगी.' (म्हणजे तो गोल, फाका पाडलेला.) काय करू?

टेंभीनाका
आधी खजिनदारपद सोडा, चार्ट आपोआप सुटेल. (हलके घ्या.)

पारसिकचा वारा
साहेब, चार्टला सध्या हात लावू नका. दुखणं शीटमध्ये आहे. ऑडिटच्या निमित्ताने अशा बऱ्याच शीट माझ्या नजरेखालून जातात, सगळ्यांची तक्रार हीच.

शीटची एक कॉपी करा, मूळ शीट तशीच राहू द्या. कॉपीमधून सोसायटीचं नाव, मर्ज केलेले सेल, रिकाम्या ओळी आणि त्या पिवळ्या ओळी उडवा. पहिल्या ओळीत फक्त कॉलमची नावं, दुसरीपासून थेट आकडे. 'एकूण' माणसांना कळतं, एक्सेलला तो आणखी एक महिना वाटतो.

वर्षाचा खांब येतो कारण २०२३ हाही एक्सेलच्या लेखी आकडाच. डाव्या कोपऱ्यातल्या सेलमधला 'वर्ष' हा शब्द पुसून सेल रिकामा ठेवा आणि मग चार्ट काढा. बहुतेक वेळा एक्सेल तो कॉलम अक्षाखालच्या नावांसाठी घेतं. तरी नाही ऐकलं तर चार्टवर राइट क्लिक, सिलेक्ट डेटा, डावीकडच्या यादीतून 'वर्ष' काढून टाका आणि उजवीकडे एडिट दाबून तीच रेंज द्या.

गायब खांबांचं म्हणाल तर त्या सेलमध्ये आकडा नसून मजकूर असणार. कोणीतरी '४८,०००/-' असं चेकवर लिहितात तसं टाइप केलं असेल. '/-' लागलं की एक्सेलसाठी ती रक्कम राहत नाही, चार्टमध्ये शून्य धरली जाते. ओळखायची खूण अशी की आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. शीट कोणी सेंटर करून ठेवली असेल तर ही खूण दिसत नाही, म्हणून आधी अलाइनमेंट काढा. मग फाइंड-रिप्लेसने '/-' आणि 'रु.' साफ.

घोडबंदरी
साहेब नाही हो, ताई.
आणि '/-' बरोब्बर निघालं! मे महिन्याच्या सगळ्या रकमांना लावलंय. त्या नोंदी सोसायटीच्या मॅनेजरने केलेल्या. शीट सेंटर केलेली आहेच.

टेंभीनाका
म्हणजे ज्या महिन्यात सगळ्यात जास्त टँकर, नेमका त्याच महिन्याचा खांब गायब. मॅनेजरला मानधन वाढवून द्या.

खारघरची टेकडी
पारसिक यांनी शीटचं नीट सांगितलंय, त्यात भर घालत नाही. पण ताई, तुम्हाला एजीएमला नक्की काय विचारलं जाणार आहे? 'खर्च किती झाला' हे विचारायला कोणी येत नाही, तो ताळेबंदात छापलेला असतो. 'खर्च वाढला का, आणि कशाने वाढला' हा भांडणाचा मुद्दा. टँकर जास्त मागवले, की टँकरवाल्याने दर वाढवला? नुसत्या रकमेच्या चार्टमध्ये हे दोन्ही एकात एक मिसळून जातं आणि मग ज्याला जे म्हणायचंय ते तो म्हणतो.

म्हणून एक जादा कॉलम करा : रक्कम भागिले टँकर, म्हणजे त्या महिन्याचा सरासरी दर. मग दोन छोटे चार्ट एकाखाली एक, वरती टँकरची संख्या आणि खाली दर. दोन्हीत महिने तेच, तीच रुंदी. डोळा वरून खाली गेला की कळतं की संख्या तेवढीच आहे आणि दर चढलाय, किंवा उलट.

दुसरं, ३६ महिने सलग एका रांगेत मांडू नका. उन्हाळ्यात टँकर वाढणार, पावसाळ्यात कमी होणार, हे ठाण्यात शेंबडं पोरही सांगेल. तुलना मे ची मे शी करायची. शीट अशी मांडा की महिने उभे, वर्षं आडवी : पहिल्या कॉलममध्ये एप्रिल ते मार्च, पुढच्या तीन कॉलममध्ये तीन आर्थिक वर्षं. त्यावर लाइन चार्ट. तीन रेषा, प्रत्येक वर्षाची एक.

वाशीचा वाटाड्या
एक्सेल विकत कशाला? सोसायटीच्या ऑफिसात लिबर ऑफिस टाका, फुकट आहे. कॅल्कमध्ये इन्सर्ट चार्ट म्हटलं की ते पायरी पायरीने विचारतं : आधी प्रकार, मग डेटाची रेंज, मग सिरीज, शेवटी शीर्षक वगैरे. दुसऱ्या पायरीवर 'पहिला कॉलम लेबल म्हणून' असा चौकोन असतो, त्यावर टिक केलं की वर्षाच्या खांबाचा घोळ तिथेच मिटतो. एक्सेल सगळं स्वतः ठरवून मोकळं होतं आणि निस्तरायचं आपण.

पारसिकचा वारा
वाटाड्या, दर धाग्यावर लिबर ऑफिस! त्या पायऱ्या चांगल्या आहेत, मान्य. पण ताईंची फाइल एक्सेलची, मॅनेजरचं मशीन एक्सेलचं, सभेला लॅपटॉप तिसऱ्याचाच. ऐन वेळी फॉण्ट हलले तर?

घोडबंदरी
खारघर यांनी म्हटल्याप्रमाणे महिने उभे, वर्षं आडवी मांडायला बसले, पण आमची खरी नोंदवही प्रत्येक टँकरची आहे : तारीख, पावती नंबर, लिटर, रुपये. हाताने बेरजा करत बसू का?

खारघरची टेकडी
मुळीच नको. नोंदवही तशीच सोन्यासारखी आहे. तिच्यात कुठेही उभं राहून कंट्रोल-टी दाबा, म्हणजे ती टेबल होईल. नवी पावती खाली टाकली की टेबल वाढतं आणि त्यावर बेतलेला चार्टही. मग इन्सर्ट, पिव्हट टेबल (नोंदींचे गट पाडून बेरजा आपोआप मांडणारा तक्ता). तारीख ओळींमध्ये टाकली की महिन्यांचे गट पडतात. 'गट करता येत नाही' असा निरोप आला तर समजा एखादी तारीख रिकामी आहे किंवा मजकूर आहे. '३१/६' असली तारीख कोणीतरी हमखास लिहून ठेवलेली असते.

एकच अडचण. पिव्हट वर्षाचे गट जानेवारी ते डिसेंबर असे पाडतं, आपलं आर्थिक वर्ष एप्रिलपासून. तेव्हा नोंदवहीत 'आर्थिक वर्ष' असा कॉलम घाला. तारखेचा महिना ३ पेक्षा मोठा असेल तर तेच साल, नाहीतर एक वजा. हा कॉलम पिव्हटमध्ये आडवा टाका, महिने उभे. मार्च खाली आणि एप्रिल वर आणायला महिन्याचं नाव माउसने धरून ओढता येतं.

जुना ठाणेकर
तुम्हा मुलांचं वाचून मजा वाटते. वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होतो, तेव्हा उत्पादनाचा चार्ट ग्राफ पेपरवर हाताने काढायचो. दर सोमवारी एक बिंदू वाढवायचा आणि भिंतीवर परत लावायचा. शाई वाळायच्या आत पट्टी सरकली की आठवड्याचं उत्पादन फराटून जायचं. त्याचा एक फायदा होता. एकेक बिंदू हाताने ठेवल्यामुळे कुठला आकडा विचित्र आहे ते तिथल्या तिथे कळायचं. आता बटण दाबलं की ३६ महिने एकदम, आणि मे गायब असलेला कोणाच्या लक्षात येत नाही.

अध्यक्षांना सांगा, थ्रीडी कशालाही करू नये. पुढची फाक मोठी दिसते, मागची लहान. आकडा तोच.

सीवूड्सची माई
थ्रीडी नको हे मान्य, पण पाय चार्टला सगळे इतकं का झोडपतात? आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी मी साधाच पाय चार्ट काढला होता : सिक्युरिटी, हाउसकीपिंग, लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभाल करार), कॉमन वीजबिल, पाणी. पाचच फाका. सिक्युरिटीचा घास सगळ्यात मोठा आहे हे बायकांना, पुरुषांना, ज्येष्ठांना सगळ्यांना एका दमात कळलं. लाइन चार्टकडे लोक नुसते बघत बसतात.

खारघरची टेकडी
माई, तुमचा चार्ट बरोबरच होता. एकाच वर्षाच्या एका बेरजेचे चार-पाच भाग, आणि एक भाग ठळक मोठा. पाय चार्ट त्यासाठीच. भाग जवळजवळ सारखे असले की पंचाईत होते. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोघांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की माणसाला कोनावरून आकडा ओळखताना जास्त चूक होते, एकाच पट्टीवरची जागा पाहून कमी. ताईंना १२ महिने दाखवायचेत. १२ फाकांचा पाय, आणि तसे तीन वर्षांचे तीन, शेजारी शेजारी! त्यातून मे वाढला की नाही हे अध्यक्षांनी स्वतः सांगून दाखवावं.

गंमत म्हणजे रेषा, खांब आणि पाय हे तिन्ही चार्ट रूढ केले ते एकाच माणसाने, विल्यम प्लेफेअरने. पहिले दोन १७८६ च्या पुस्तकात, पाय १८०१ मध्ये. त्यातही खांबांचा चार्ट नाइलाजाने आला. स्कॉटलंडच्या व्यापाराचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. रेषा काढायला अनेक वर्षं लागतात, म्हणून मग देशागणिक खांब.

टेंभीनाका
थोडक्यात, डेटा अर्धवट मिळाला म्हणून नवा चार्ट निघाला. आमच्या आधीच्या खजिनदारांमुळे अजून दोन-चार निघतील.

ऐरोलीची खाडी
अवांतर, पण मुद्द्याचं. मी खाडीवर फ्लेमिंगो मोजणाऱ्यांतला. आमच्या शीटमध्ये दोन प्रकारचे रिकामे सेल असायचे. 'गेलो होतो, एकही पक्षी नव्हता' आणि 'त्या आठवड्यात कोणी गेलंच नाही'. दोन्ही रिकामे. चार्टमध्ये पावसाळ्याचं काही कळेना. आता आम्ही पक्षी नसले तर शून्य लिहितो आणि मोजणी झाली नसेल तरच सेल रिकामा ठेवतो.

ताई, जुलै-ऑगस्टमध्ये टँकर आलाच नसेल तर शून्य लिहा. पावत्या हरवल्या असतील तर रिकामं ठेवा. सिलेक्ट डेटाच्या खिडकीत खाली 'हिडन अँड एम्प्टी सेल्स' असं बटण आहे. रिकाम्या जागी रेषा तुटावी, शून्यावर यावी की पुढच्या बिंदूला जोडावी हे तिथे ठरवता येतं. तुटलेली बरी. जोडली की तिथे खर्च झाला होता असं वाटतं. त्याच खिडकीत लपवलेल्या ओळींचंही आहे. ओळ हाइड केली की चार्टमधूनही ती जाते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

सीवूड्सची माई
फ्लेमिंगो या वर्षी किती होते हो? आमच्या गच्चीवरून गुलाबी पट्टा दिसायचा.

ऐरोलीची खाडी
माई, त्यासाठी वेगळा धागा काढतो. इथे लिहिलं तर ताई मारतील.

घोडबंदरी
मारत नाही, वाचतेय! ऑगस्टच्या पावत्या खरोखरच नाहीत, म्हणजे रेषा तुटणार.

पिव्हट जमलं. रेषाही आल्या. आता अध्यक्षांचा फोन : गेल्या वर्षीचा, म्हणजे आधीच्या कमिटीचा खर्च 'नीट' दिसत नाही, खांब काढा आणि अक्ष ८० हजारांपासून सुरू करा. करावं का?

पारसिकचा वारा
ताई, करू नका. समजा एका वर्षी मे चा खर्च ९२ हजार, दुसऱ्या वर्षी ९८. शून्यापासून काढले तर दोन खांब जवळपास सारखे. ८० पासून काढले तर एक १२ चा आणि दुसरा १८ चा, म्हणजे दीडपट उंच. खांबाची लांबी हाच आकडा असं डोळा धरून चालतो. आधीच्या कमिटीतला एखादा इंजिनिअर तिथेच उठून पट्टी लावेल, आणि मग तुमचे बरोबर आकडेही खोटे ठरतील.

एक लक्षात ठेवा, हे अध्यक्षांनी न सांगताही होतं. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल आपल्या मनानेच अक्ष वरून सुरू करतं. खांब काढलेत तर फॉरमॅट अ‍ॅक्सिसमध्ये जाऊन मिनिमममध्ये स्वतः ० लिहा.

खारघरची टेकडी
रेषेला हा नियम इतका कडक नाही. रेषेत आपण चढ-उतार बघतो, लांबी नाही. तापमानाचा चार्ट शून्यापासून काढला तर ठाण्याचा मे आणि जानेवारी सारखेच दिसतील. दराच्या चार्टला अक्ष वरून सुरू केला तर चालेल, पण तसं खाली एका ओळीत लिहा.

जुना ठाणेकर
अध्यक्षांना विचारा, पुढच्या वर्षी तुमची कमिटी 'आधीची' झाली की अक्ष कुठून सुरू करायचा?

टेंभीनाका
काकांना +१. धागा इथेच लॉक करा.

पारसिकचा वारा
लॉक नको, मला खारघर यांच्याशी भांडायचंय. दोन वेगळे चार्ट कशाला? कॉम्बो चार्ट करा. टँकरची संख्या खांबात, दर रेषेत, दर सेकंडरी अ‍ॅक्सिसवर. एकाच चित्रात काम. सभेत लोकांचं लक्ष दोन मिनिटं टिकतं.

खारघरची टेकडी
दोन मिनिटं टिकतं म्हणूनच नको. डावीकडे टँकर, उजवीकडे रुपये, कुठली रेषा कुठल्या बाजूने वाचायची हे समजावण्यात तुमची दोन मिनिटं संपली. शिवाय उजवा अक्ष थोडा ताणला की रेषा खांबांच्या वर जाते, थोडा आवळला की खाली. दोन्ही कुठे छेदतात याला अर्थ नसतो, पण सभेत कोणीतरी उठून 'इथे बघा, इथे दर वर गेला!' म्हणणारच.

पारसिकचा वारा
म्हणणारे काहीही म्हणतात. मी कॉम्बोच काढतो आणि माझ्या क्लायंटना कळतो.

वाशीचा वाटाड्या
ताई, दोन्ही काढून घरी कोणाला तरी दाखवा, ज्याला टँकरचं काही माहीत नाही. तो न विचारता जो वाचेल तो ठेवा. आणि अक्षावर १,००,००० असे आकडे गर्दी करत असतील तर रक्कम आधी एका कॉलममध्ये लाखाने भागून घ्या आणि शीर्षकात 'रुपये लाखांत' लिहा. एक्सेलच्या डिस्प्ले युनिट्समध्ये १००००० असाही पर्याय आहे, पण शेजारी जे लेबल येतं ते कोणाला कळत नाही, ते खोडून हाताने 'लाख' लिहावं लागतं. (बघा, एक्सेलचंही सांगितलं.)

सीवूड्सची माई
एक कळकळीची सूचना. चार्ट वर्डच्या अहवालात टाकताना चित्र म्हणून पेस्ट करा. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत 'वर्कबुक एम्बेड' हा पर्याय निवडून अहवाल सगळ्यांना मेल केला गेला. एका हुशार सभासदाने चार्टमधला डेटा उघडला, तर आतून अख्खी वर्कबुक बाहेर आली. बाजूच्या शीटवर थकबाकीदारांची यादी, फ्लॅट नंबरसकट. एजीएमला पाण्याचा विषय आलाच नाही.

टेंभीनाका
त्या सोसायटीत वसुली किती झाली नंतर? त्याचा चार्ट हवा.

घोडबंदरी
माई, बरं झालं सांगितलंत, माझ्या फाइलमध्येही मेंटेनन्सची शीट आहे. चित्र म्हणूनच टाकते.

आताची स्थिती : दोन चार्ट एकाखाली एक, खारघर म्हणतात तसे. कॉम्बोही काढला होता. सासूबाईंना दाखवला, त्यांनी 'हा टँकर कुठे चाललाय वर?' असं विचारलं, म्हणून बाद. पारसिक, माफ करा. निष्कर्ष कोणाच्याच सोयीचा नाही : टँकरची संख्या तिन्ही उन्हाळ्यांत जवळपास तेवढीच, दर चढत गेलाय. म्हणजे आधीच्या कमिटीने पाणी उधळलं हेही खरं नाही, आणि आम्ही वाचवलं हेही नाही. अध्यक्ष गप्प आहेत.

एक शेवटची अडचण. पडद्यावर निळी, केशरी, हिरवी अशा तीन रेषा छान दिसतात, पण सभेच्या नोटिशीबरोबर झेरॉक्स जाणार. तिन्ही राखाडी होतायत, खालचा लेजंड (कुठला रंग कुठल्या वर्षाचा ती यादी) कुचकामी.

पारसिकचा वारा
सासूबाईंपुढे माझं काय चालणार!
लेजंड डिलीट करा. प्रत्येक रेषेच्या शेवटच्या बिंदूवर दोन वेळा सुटं क्लिक करा, म्हणजे तो एकटाच निवडला जाईल. मग अ‍ॅड डेटा लेबल करून त्यात आकड्याऐवजी सिरीज नेम टिक करा. वर्षाचं नाव रेषेच्या टोकाला येईल. यंदाची रेषा जाड आणि काळी, गेल्या वर्षीची तुटक, त्याआधीची बारीक ठिपक्यांची. फॉरमॅट डेटा सिरीजमध्ये डॅश टाइप असतो. एक प्रत आधी झेरॉक्स काढून बघा, फिकट राखाडी ग्रिडलाइन झेरॉक्सवर घाण दिसतात, त्या काढून टाका. आणि एजीएमची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा रंगांवर रविवार घालवू नका.

वाशीचा वाटाड्या
आमच्याकडे पाणी भरपूर आहे, वाद पार्किंगचा आहे. त्याला कुठला चार्ट चांगला?

जुना ठाणेकर
त्याला चार्ट नाही. वकील.